तिसऱ्यांदा पिंजलेली लोकर

चार बोटं धाग्यात बारा पीळ हवेत. नेल्दाने खिडकीशी उभं राहून आत्याच्या बॉबिनवरचा धागा थोडा ओढला, डाव्या हाताच्या बोटांवर ताणला आणि नखाने मोजला. पहिल्या दोन बोटांत पंधरा पीळ होते आणि धागा शिवणदोऱ्याइतका बारीक होता. पुढच्या दोन बोटांत जेमतेम दोन. तिथे लोकर गांडुळासारखी फुगून सैल पडली होती. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. जाड जागा निवांत राहते, सगळा ताण बारीक जागेवर येतो आणि धागा तुटतो तो तिथेच. हे आत्यानेच तिला शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना, ह्याच खिडकीशी.

बाहेर आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिचा आवाज ऐकू येत होता. कोंबड्यांशी बोलायला तिला साधारण अर्धा तास लागायचा, कारण ती प्रत्येकीची चौकशी करायची. नेल्दाने बॉबिन एप्रनखाली घेतलं आणि मागच्या दाराने लाकडांच्या छपरात गेली.

हे काम आता तिच्या हाताला बसलं होतं. धाग्याला उलटा पीळ द्यायचा आणि ओढायचा. जाड जागी तो आपोआप सुटायचा, बारीक जागी तोडावा लागायचा. मग तारेच्या दातांच्या दोन फण्यांमध्ये ते तुकडे घालून पिंजायचे. कात्रीखालून आली तेव्हा ह्या लोकरीचा तंतू मधल्या बोटाएवढा लांब होता. आता अंगठ्याएवढा उरला होता आणि मध्ये मध्ये खसखशीएवढ्या गाठी झाल्या होत्या. लोकर कोरडीही पडली होती. तिच्यातला मेंढीचा चिकट तेलकटपणा दोन धुण्यांत निघून गेला होता, म्हणून नेल्दा तळव्यांना थोडी चरबी चोळून घ्यायची आणि मगच पेळू वळायची. वळलेले पेळू ती आत्याच्या टोपलीत ठेवायची, चरख्याच्या उजव्या अंगाला, आत्याच्या हाताला लागतील असे. रिकामं बॉबिन पुन्हा चरख्यावर चढवायची.

"झालं का गं माझं कालचं गुंडाळून?" आत्या आत येताना विचारायची.

"झालं. माडीवर ठेवली लडी."

"कशी आली?"

"चांगली आली, आत्या."

उबेर्लिंदा आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हाडं मोठी, पाठ अजून ताठ. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच दुधाळ झाला होता. डाव्यावर ती निभावून नेत होती, पण फेब्रुवारीपासून तोही गेल्यासारखाच होता. मोतीबिंदू होता. घर तिच्या पायांना पाठ असल्यामुळे नवख्या माणसाला ते कळलं नसतं. ती खुर्ची न चाचपता बसायची, पायाखालची पट्टी दाबायची आणि चाक फिरायला लागायचं. चरखा तिच्या नवऱ्याने केलेला होता, चाक सायप्रसच्या लाकडाचं आणि खालची पट्टी एका मेलेल्या शिवणयंत्राची. नवरा समुद्रात गेला, त्याला चाळीस वर्षं झाली. चरखा अजून कुरकुरत नव्हता.

जगाच्या दक्षिण टोकाकडच्या, चिलोएच्या त्या लहानशा बेटावर लोकर सगळेच कातत. पण लग्नाची शाल विणायची असली की लोक धागा उबेर्लिंदाकडून न्यायचे.

*

त्या साली उन्हाळाभर पाऊस पडला आणि बटाट्यावर करपा आला. मार्च संपत आला होता, तिथला उन्हाळा सरून हिवाळा जवळ येत होता. नेल्दा आणि तिचा नवरा आर्सेनियो बटाटे काढत होते. आर्सेनियो कुदळीने माती उचलायचा आणि नेल्दा गुडघ्यांवर बसून हाताने चाचपायची. दहातले सहा बटाटे बोटांखाली फुटायचे. आतून काळा, दुर्गंधी लगदा निघायचा आणि नखांत जाऊन बसायचा. कितीही घासलं तरी तो वास हाताला राहायचा, मग तोच वास भाकरीला, माते हा पाल्याचा कडू चहा प्यायच्या नळीला.

"डुकरंसुद्धा वास घेऊन मागे सरतायत," आर्सेनियो म्हणाला. "एवढी वर्षं खाल्लं ते डुकरांनी. आता त्यांनाही चव आली."

नेल्दाने सडका बटाटा बाजूला फेकला.

"लड्या किती झाल्या?"

"अकरा."

"चोवीस द्यायच्या आहेत ना?"

"माहिती आहे मला."

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी लड्या न्यायला माणूस येणार होता. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका विणकरणीने बेटावरच्या चार घरांना मिळून काम दिलं होतं. सगळा धागा दुपदरी, एकसारखा, पांढरा आणि राखाडी. नेल्दाच्या घरच्या वाट्याला चोवीस लड्या आल्या होत्या. बटाटे असते तर त्या लड्यांचं एवढं काही नव्हतं. आता हिवाळ्याचं पीठ त्यांच्यावरच होतं.

"चरखा एकच," आर्सेनियो म्हणाला. "आणि दिवसातले सहा तास तो नुसताच फिरतोय. तीच लोकर जाते, तीच येते. सांगून टाक म्हातारीला."

"तू सांग."

"मी? तिने मला अजून जावई मानलेलं नाही. परवा मला 'तो माणूस' म्हणाली. 'तो माणूस जेवला का?'"

नेल्दाला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. आर्सेनियोला लोकरीचं माहीत होतं, त्याने तिला छपरात पिंजताना पाहिलं होतं. पण त्याला तेवढंच माहीत होतं.

"तिचं मन मोडेल," ती म्हणाली.

"मोडेल मग. पीठ लागेल ना घरात?" त्याने कुदळ मातीत घातली. "तू फार हळवी आहेस तिच्या बाबतीत."

तो हे कौतुकाने म्हणाला. नेल्दाने खाली वाकून आणखी एक बटाटा उचलला. वरून तो धड होता. तिने अंगठा दाबला तशी साल आत गेली.

*

जानेवारीत ती आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आरोग्यकेंद्रात गेली होती. एलियाना तिथली नर्स, वाक्य पूर्ण करायच्या आत पुढचं काम हातात घेणारी बाई. तिने गोळ्या मोजता मोजता सांगितलं, "बरं झालं आलीस. उबेर्लिंदाचं नाव आलंय. उजवा डोळा, नऊ मार्चला, शहरातल्या इस्पितळात. बोट आपली आहेच. सोबत कुणीतरी लागेल, आठ-दहा दिवस राहावं लागेल. आणि मग महिनाभर वाकायचं नाही, धूर नको, धूळ नको. कातणं तर नकोच."

नेल्दाने उभ्या उभ्या हिशेब केला. तेव्हा आत्याच्या डाव्या डोळ्याला दिसत होतं. तेव्हा आत्या दिवसाला नेल्दाच्या दीडपट कातायची. त्याच आठवड्यात लड्यांचं ठरलं होतं आणि बटाट्याच्या पानांवर पहिले तपकिरी ठिपके दिसले होते. आत्या महिनाभर बसून राहिली आणि नेल्दा दहा दिवस शहरात, तर चोवीसच्या बारासुद्धा होणार नव्हत्या.

"ती नको म्हणते," नेल्दा म्हणाली.

"कुणी विचारलं तिला? मी तर आत्ता सांगतेय."

"मागेच म्हणाली होती. भीती वाटते तिला. नाव आलं तर दुसऱ्याला द्या म्हणाली."

एलियानाने गोळ्यांची पुडी खाली ठेवली. "भीती? उबेर्लिंदाला?" ती म्हणाली. "तिला एकदा घेऊन ये इथे."

"गुडघे धरलेत. चढण चढवत नाही."

"मग नको असल्याचा कागद आहे त्यावर तिची सही आण. पण मी सांगते नेल्दा, समजाव तिला. पुन्हा नाव कधी येईल कोण जाणे."

समजावते, असं नेल्दा म्हणाली होती. घरी येऊन तिने कागद टेबलावर ठेवला, आत्याच्या हातात पेन दिलं आणि तिचं बोट ओळीवर नेऊन टेकवलं. डाव्या डोळ्याला धागा दिसायचा, पण छापील अक्षरं आत्याला तेव्हाही लागत नव्हती.

"कसला गं कागद?"

"गोळ्यांचा. मिळाल्या म्हणून सही पाहिजे."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. सही करायची म्हटलं की ती नेहमी नीट बसायची. शाळेत ती तीनच वर्षं गेली होती आणि त्यातून तिच्याकडे जे उरलं होतं ते हेच होतं. तिने पूर्ण नाव लिहिलं, उबेर्लिंदा देल कार्मेन नाउतो. अक्षरं ओळ सोडून वर वर चढत गेली. शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर, टेबलावर उमटलं.

"आली का सरळ?" तिने विचारलं होतं.

टेबलावरची ती शाई नेल्दाने राखेने घासून काढली होती. लाकडात अजून एक निळसर रेघ होती. तिच्यावर ती भाकरीची टोपली ठेवायची.

तेव्हापासून गोळ्या आणायला आर्सेनियो जात होता. आणि दर महिन्याला, डॉक्टरांची बोट येऊन गेली की आत्या विचारायची, "माझा नंबर नाही आला?"

"यादी मोठी आहे, आत्या. विचारते."

"असेल. शहरातली माणसं आधी घेत असतील. त्यांना वाचायचं असतं." आणि ती पेळू उचलायची.

*

सोमवारी सकाळी पाऊस आडवा येत होता. दारावर थाप पडली. झोइला आत आली ती अंगावरचं मेणकापड झटकतच. कातणाऱ्या चार घरांची झोइला पुढारीण होती. तिला कुणी केलेलं नव्हतं, पण तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिच्या खांद्यावर पिठाचं पोतं होतं आणि पोत्यात लोकर.

"उबेर्लिंदा, जिवंत आहेस का?"

"आहे. तू ओरडू नकोस. डोळे गेलेत माझे, कान नाहीत."

"मला वाटलं, भाचीने पेटीत घालून कुलूप लावलंय तुला." झोइलाने पोतं चरख्याशी आपटलं. "फेब्रुवारीत मी दिवसभर तुझ्याकडे पिंजायला बसले होते. सावड आहे ती. दोनदा निरोप धाडला की ये आता माझा दिवस फेडायला. दोन्ही वेळा ही म्हणते, आत्याला सर्दी झालीय. एका माणसाला किती सर्दी होते गं?"

आत्याने मान नेल्दाच्या आवाजाच्या दिशेने वळवली. "मला कुठे सर्दी झाली होती?"

"खोकत होतीस," नेल्दा म्हणाली. "झोइलाताई, मी देते ना दिवस. उद्या येते तुमच्याकडे."

"तुझा दिवस तू तुझ्या नावाने दे. हा तिचा आहे. मी माझे हात दिले, मला तिचे हात पाहिजेत." झोइला स्टोव्हपाशी बसली आणि बूट काढून पाय पुढे केले. "तिला चालवत नसेल म्हणून लोकरच घेऊन आले. माते टाक जरा."

सावडीचा दिवस कुणी कुणाच्या वतीने फेडत नसे. नेल्दा किटलीकडे वळली. आत्या मात्र खुलली होती. तिने केस मागे बांधले, बाह्या वर केल्या.

"दे इकडे. माझा दिवस माझ्यावर राहिलेला मला चालत नाही."

झोइलाने घरूनच पेळू वळून आणले होते. आत्याने पहिला उचलला, टोक लावलं, पट्टी दाबली. चाक फिरलं. दोन हात धागा आत गेला आणि तिचा पाय थांबला.

तिने पेळू ओठांना लावला. मग तंतूंचा एक झुपका ओढून दोन्ही अंगठ्यांत धरला आणि सावकाश ताणला.

"कुठल्या मेंढीची?"

"तपकिरी पायांची. यंदाची कातरलेली. का? वाईट आहे?"

"नाही. चांगली आहे." आत्याने झुपका पुन्हा अंगठ्याने चाचपला. "नेल्दे, माझ्या टोपलीतला एक पेळू दे."

नेल्दाच्या हातात किटली होती. तिने ती खाली ठेवली. टोपली आत्याच्या उजव्या हातापासून वीतभर होती, आत्याला मागायची गरजच नव्हती. नेल्दाने पेळू उचलून दिला. आत्याने त्यातलाही झुपका ओढला. एका हातात झोइलाची लोकर, एका हातात घरची. तिने दोन्ही गालाला लावून पाहिल्या. मग घरची लोकर नाकाशी नेली.

"काय हुंगतेस कुत्र्यासारखी?" झोइला म्हणाली.

"काही नाही," आत्या म्हणाली. तिने घरचा पेळू परत टोपलीत ठेवला, अगदी हळू, आणि झोइलाचा उचलला.

दुपारपर्यंत ती कातत राहिली. झोइलाची बेटावरच्या सगळ्यांची उणीदुणी काढून झाली. कुणाची सून पळाली, कुणी समुद्रातला कालवांचा पट्टा गुपचूप उपसला, पाद्री कसा दोन रविवार आला नाही आणि तरी कुणाला कळलं नाही. आत्या एरवी अशा वेळी दोन गोष्टी आपल्या घालायची. आज ती "हं" म्हणत होती. धागा चार वेळा तुटला. चारही वेळा तिने टोक चाचपून शोधलं आणि जोडलं. नेल्दा बटाटे किसत होती. किसणीवर तिचं बोट दोनदा सोललं.

तीन वाजता झोइला उठली. तिने बॉबिन काढून उजेडात धरलं आणि सवयीने धागा दोन्ही हातांत घेऊन ओढला. तो तुटला. तिने पुढचा भाग घेतला. तोही तुटला. तिसऱ्यांदा तिने ओढला नाही.

झोइला गप्प बसलेली नेल्दाने ह्याआधी कधी पाहिली नव्हती.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. चांगलं आहे." झोइलाने बॉबिन पोत्यात घातलं. "मोज्यांना होईल."

"मोज्यांना," आत्या म्हणाली.

"अगं, मोजेही लागतातच की. माझ्या नवऱ्याचे अंगठे बाहेर आलेत." झोइला बूट चढवताना वर बघत नव्हती. "दिवस फिटला हं, उबेर्लिंदा. माझ्याकडून फिटला."

फाटकापर्यंत नेल्दा सोबत गेली. झोइलाने आवाज खाली आणला. "कधीपासून गं हे?"

"फेब्रुवारीपासून."

"मग चोवीस तू एकटी काढतेयस? सांगायचं नाहीस का? मी दोन-चार वाटून घेतल्या असत्या." तिने डोक्यावर मेणकापड ओढलं. "आणि तिचं डोळ्याचं आलं होतं ना? एलियाना म्हणाली, नाव आलं होतं, म्हातारीने सही करून नको म्हटलं. मला पटेना. ही बाई एकटी होडी वल्हवत लाटांतून जायची. ही कधीपासून भित्री झाली?"

नेल्दाच्या मानेवरून पावसाचं पाणी पाठीवर उतरत होतं.

"वय झालं," ती म्हणाली.

"हं," झोइला म्हणाली आणि उताराला लागली.

*

नेल्दा आत आली तेव्हा आत्या चरख्यापाशीच बसली होती. टोपली तिने मांडीवर घेतली होती आणि एकेक पेळू उचलून बोटांनी उलगडत होती.

"दार लाव. गारठा येतोय."

नेल्दाने दार लावलं.

"ही लोकर मी कितव्यांदा काततेय?"

नेल्दा ओल्या कपड्यांत तशीच उभी राहिली. "तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा." आत्याने मान डोलावली. "ठिपक्यांची मेंढी आहे ही. नाताळात कापली ती. मला वाटतच होतं, मेली तरी हिची लोकर वाढतेय कशी." तिच्या पोटात हसू आलं आणि तिथेच राहिलं. "चरबी चोळलीस वरून."

"हो."

"मेंढीची चोळलीस, तिला वास येतो. डुकराची घ्यायची थोडीशी. मला कळलं नसतं."

"आत्या—"

"माडीवरच्या माझ्या लड्या?"

"नाहीत. माझ्याच आहेत सगळ्या. अकरा."

आत्याने टोपली खाली ठेवली. बराच वेळ ती आपल्या हातांकडे बघत असल्यासारखी बसली, डोळे मात्र थोडे वरच, भिंतीवर होते. तिच्या अंगठ्याच्या बाजूला, जिथून धागा सत्तर वर्षं सरकला होता, तिथे कातडीला चकचकीत खाच पडली होती. ती खाच ती दुसऱ्या अंगठ्याने चोळत राहिली.

"तुझी दोन बॉबिनं आण," ती म्हणाली. "भरलेली."

नेल्दाने आणली. आत्याने दोन्ही खालच्या खिळ्यांवर चढवली, दोन धाग्यांची टोकं एकत्र बांधली आणि चाक उलट्या बाजूला फिरवलं. कातताना उजवीकडे, दुपदरी करताना डावीकडे. दोन धागे तिच्या बोटांमधून वेगवेगळे आले आणि पुढे एकमेकांवर चढत गेले. इथे काही बघायचं नव्हतं. धागा किती जाड ओढायचा हे ठरवायचं नव्हतं, ते नेल्दाने आधीच ठरवलेलं होतं. फक्त दोन्हींचा ताण सारखा ठेवायचा, आणि तो बोटांना कळतो. पाय आणि हात जुन्या चालीने चालू लागले.

दहा-बारा हात झाल्यावर ती थांबली. तिने दुपदरी धागा वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढा, मोकळा काढला, दोन्ही टोकं एका हातात धरली आणि मधला भाग खाली लोंबू दिला.

"बघ. फिरतोय का?"

पीळ कमी-जास्त असला की असा लोंबता धागा स्वतःभोवती फिरून गुंता करतो. हा फिरला नाही. पाळण्याच्या दोरीसारखा स्वस्थ लोंबत राहिला.

"नाही फिरत," नेल्दा म्हणाली.

"मग हे येतंय मला अजून." तिने धागा बॉबिनवर घेतला आणि पुन्हा पट्टी दाबली. "कात तू. पहाटे कात, दुपारी कात, चरखा तुझा. दुपदरी मी करते. किती दिवस राहिलेत?"

"बारा."

"होतील. झोइलाला दोन दे. ती बोंबलेल, पण करेल." चाकाचा आवाज एका लयीत येत होता. "मला राग आला होता, नेल्दे. मघाशी. ती मोज्यांना म्हणाली तेव्हा. तुझा आला होता, तिचा नाही. मग मी विचार केला, ह्या पोरीने रोज छपरात बसून उकललं, पिंजलं, वळलं, कशासाठी? मला बरं वाटावं म्हणून. चरखा अडकवून ठेवला माझ्यापायी. मी तुझ्या जागी असते तर तोंडावर सांगितलं असतं, म्हातारे, ऊठ तिथून. माझ्यात नाही तेवढी माया. तू माझ्यापेक्षा बरी निघालीस."

नेल्दा भिंतीला टेकली. आर्सेनियो बाहेर डुकरांवर ओरडत होता. तो आत यावा असं तिला वाटलं. तो आला नाही. टेबलावर भाकरीची टोपली होती आणि तिच्याखाली ती रेघ. आत्ता नुसतं गप्प राहायचं होतं. आत्याने स्वतःच सगळं जुळवून दिलं होतं, काही बिघडलं नव्हतं. बारा दिवसांत लड्या होणार होत्या, पीठ येणार होतं, आणि आत्याच्या तोंडी ती मायाळू राहणार होती, आत्या जाईपर्यंत.

"फक्त एक कर," आत्या म्हणाली. "गुरुवारी डॉक्टरांची बोट येईल, तेव्हा एलियानाला विचार, माझं नाव कितवं आहे. घाई करायला सांगू नकोस. यादी मोठी असेल तर असू दे. नुसतं कितवं ते विचार, म्हणजे मला मोजत बसता येईल."

विचारते, हा शब्द नेल्दाच्या तोंडात तयार होता. जानेवारीपासून तिने तो तीन वेळा वापरला होता. तिने तोंड उघडलं आणि तो बाहेर आला नाही.

"आत्या, पाय थांबव."

"का? तुटला?"

"नाही. थांबव."

आत्याने पट्टीवरून पाय उचलला. चाक आपल्या वजनाने आणखी काही फेरे फिरलं आणि थांबलं. दोन्ही धागे तिने चिमटीत घट्ट धरून ठेवले, पीळ मागे पळू नये म्हणून.

"जानेवारीत तू सही केलीस ना, तो कागद गोळ्यांचा नव्हता," नेल्दा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला सपाट वाटला. "तुझं नाव आलं होतं. नऊ मार्चची तारीख होती. उजव्या डोळ्याची. मी एलियानाला सांगितलं, तू घाबरतेस, तू नको म्हणतेस. आणि नको असल्याच्या कागदावर तुझी सही घेतली. तेव्हा तुला डाव्याने दिसत होतं. तू कातावंस म्हणून केलं. लड्यांसाठी."

आत्याची चिमूट सुटली नाही. तिचं तोंड नेल्दाकडे वळलेलं होतं, पण थोडं चुकून, जिथे नेल्दा मघाशी उभी होती तिथे.

"आणि लोकर?" तिने विचारलं. "लोकर का उकलायचीस मग?"

"तू धागा वाईट काढतेस हे तुला कळलं असतं तर तू डोळ्यांचं रोज विचारलं असतंस."

स्टोव्हमधलं लाकूड खाली बसलं. आत्याने मोकळ्या हाताने चाकाची कड चाचपली आणि हात तिथेच ठेवला.

"मी पूर्ण नाव लिहिलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"सरळ आलं होतं का?"

"नाही. शेवटचं अक्षर टेबलावर गेलं."

नेल्दा भिंतीपासून निघून तिच्या समोर आली, जिथे तिचं तोंड होतं तिथे, आणि जमिनीवर बसली.

"गुरुवारच्या बोटीने आपण दोघी जातोय," ती म्हणाली. "लड्या होतील तेवढ्या झोइला त्या न्यायला येणाऱ्या माणसाला देईल, राहतील त्या राहतील. शहरात ते तारीख देईपर्यंत मी तिथून हलणार नाही. आणि आधी एलियानासमोर, डॉक्टरांसमोर, तू ऐकत असताना सांगणार, की नको तू म्हणाली नव्हतीस. मी म्हणाले होते."